पंचनेकायिकाचा पत्ता

पवनीच्या स्तूपाला दोन हजार वर्षांहून आधी जो दगडी कठडा घातला गेला, त्यावर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांतल्या एका नावापुढे पदवी आहे : ‘पंचनेकायिक’. आज दारावरच्या पाटीवर बी.ए., एल्एल.बी. असते ना, तशी. दीघ, मज्झिम, संयुत्त, अंगुत्तर आणि खुद्दक हे बुद्धवचनांचे पाचही संग्रह ज्याला येतात, तो पंचनेकायिक. येतात म्हणजे मुखोद्गत येतात. परंपरेप्रमाणे हे वाङ्मय श्रीलंकेत पानांवर उतरले ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. तोवर सगळा भार माणसांच्या स्मरणावर होता. गुरूने म्हणायचे, शिष्याने म्हणायचे, चुकले की पुन्हा म्हणायचे. असे वर्षानुवर्षे केल्यावर ही पदवी मिळत असणार. ती भारहूतच्या कठड्यावर दिसते, सांचीला दिसते आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, पवनीला दिसते.

एवढा शिकलेला माणूस कुठे शिकला आणि कुठे शिकवत होता? तो पवनीचाच असेल असे नाही. दान द्यायला भिक्खू लांबून येत. पण एवढ्या मोठ्या स्तूपाजवळ त्याची निगा राखणारा, पाठ घेणारा संघ नव्हता असे मानणे त्याहून कठीण. संघ म्हटला की पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहणे आले, राहण्याच्या खोल्या आल्या, एकत्र बसून म्हणायची जागा आली. धर्मशिक्षणाची शाळा म्हणतात ती हीच. अजिंठ्याच्या लेण्यांत तिच्या खोल्या आपण मोजू शकतो. नालंदेत तिचे चौक, ओसऱ्या, विहिरी आज उघड्या आहेत. पवनीत मात्र ‘हा पाहा विहार’ म्हणून बोट दाखवावे अशी एकही इमारत आज उभी नाही. स्तूपाच्या टेकड्या आहेत आणि टेकड्यांभोवती धानाच्या बांध्या, घरे, वाटा आहेत. जे काही उरले असेल, ते या बांध्यांखाली, घरांखाली आणि वाटांखाली आहे.

हा लेख त्या जमिनीसाठी आहे. टेकडी वाचली म्हणजे पवनी वाचली असे नाही. टेकडीच्या पायथ्याची जमीन वाचली पाहिजे, हे मला सांगायचे आहे.

पवनी भंडाऱ्यापासून ४०-४५ किलोमीटर, नागपूरपासून ८०-८५. गावाच्या एका अंगाला नदी आणि उरलेल्या बाजूंना मातीचा जुना तट. तटाचा जवाहर दरवाजा, नदीवरचे घाट, वैजेश्वराचे देऊळ, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी पंचमुखी गणपती, कोष्ट्यांचे माग आणि रेशीमकाठी कापड अशी पवनीची ओळख आपल्याकडे आहे. देवळांच्या दाटीमुळे कुणी तिला विदर्भाची काशी म्हणतात. ही ओळख खोटी नाही, अपुरी आहे. कारण या देवळांपैकी एक, जगन्नाथाचे, ज्या टेकडीवर बसले आहे ती टेकडी निसर्गाने केलेली नाही. विटामातीचा भरीव स्तूप आहे तो. देवळाला लागलेल्या जुन्या खांबांवर ब्राह्मी अक्षरे होती. डॉ. वि. भि. कोलते यांनी ते लेख अभ्यासकांपुढे आणले, आणि १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीत कुदळ घातली. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते उत्खनन केले. त्याचा अहवाल १९७२ मध्ये विद्यापीठाने छापला. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर टेकडी हे दोन मोठे स्तूप त्यातून उजेडात आले. हरदोलाला टेकडी ही याच घराण्यातली तिसरी. १९९४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने पुन्हा पवनीत उत्खनन केले, अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली.

जगन्नाथ टेकडीवरच्या स्तूपाचा व्यास सुमारे ३८ मीटर भरतो. सांचीचा मोठा स्तूप सुमारे ३६ मीटरांचा आहे. हे आकडे मी फुशारकीसाठी देत नाही. सांचीचा घुमट उभा आहे आणि पवनीचा नाही, ही वस्तुस्थिती आहेच. पण नागपूरच्या दीक्षाभूमीवर स्तूप बांधायचे ठरले तेव्हा वास्तुविशारद शिवदान मल यांच्यासमोर नमुना होता सांचीचा. २००१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सांचीच्या जोडीचा स्तूप आपल्याच विभागात, एसटीच्या दोन-अडीच तासांवर, मातीत झाकलेला आहे हे आपल्यापैकी किती जणांना तेव्हा ठाऊक होते? आज तरी किती जणांना आहे?

आता थोडे बांधणीविषयी, कारण ती समजली तर वाचवायचे काय ते समजेल.

स्तूपाला आत जायला दार नसते. तो भरीव. त्याची सगळी वास्तुकला बाहेरून चालणाऱ्या माणसासाठी आहे. मधोमध अंड, म्हणजे घुमट, त्याच्या पायाशी फिरायची वाट, वाटेच्या बाहेर कठडा आणि कठड्यात सोडलेली दारे. आत शिरले की बाहेरचा बाजार मागे राहतो, उजव्या हाताला स्तूप ठेवून माणूस चालू लागतो. असे स्तूप एका दमात बांधून होत नसत. आधी लहान, मग त्यावर विटांचे नवे कवच. आधी लाकडाचे कुंपण, मग दगडाचे. प्रत्येक पिढीने आपला एक थर घातलेला असतो. म्हणून स्तूपाच्या पोटात काळ एकावर एक रचून ठेवलेला सापडतो. वरून खड्डा मारून तो पाहता येत नाही, कडेकडेने सोलावा लागतो. गुप्तधनाच्या नादाने मध्यावर खड्डा मारणाऱ्याला सोने मिळत नाही, पण शेकडो वर्षांची ही पाने एका रात्रीत फाटतात.

कठड्याचा एक खांब नीट पाहा. समोरच्या अंगावर कमळ, झाड किंवा एखादा प्रसंग असेल. आपली नजर तिथेच जाते. जाऊ द्या. खांबाच्या कडेला या. तिथे एकाखाली एक खाचा दिसतील, मिटलेल्या पापणीच्या आकाराच्या. मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या. त्यांत आडव्या पट्ट्या बसायच्या, त्यांना सूची म्हणतात. सूची दोन्ही बाजूंनी तशाच आकाराच्या, त्यामुळे त्या खाचेत चपखल बसत. चुना नाही, खिळा नाही. सगळ्या खांबांच्या डोक्यावरून मग लांब दगडी तुळ्या जात, त्यांनाही खालून खाच असे. हे सुताराचे काम आहे. पाथरवटाने ते दगडात केले, कारण त्याच्या डोळ्यासमोर लाकडी कुंपण होते. आणि या खाचा आणखी एक गोष्ट सांगतात. खाचा समोरासमोरच्या कडांना असतील तर खांब रांगेतला. एकाच कडेला असतील तर तो रांगेच्या टोकाचा, म्हणजे दाराजवळचा. शेजारशेजारच्या दोन अंगांना असतील तर कोपऱ्यावरचा. जागेवर असलेला किंवा जागेजवळ पडलेला खांब पूर्ण कठड्याचा नकाशा देऊ शकतो. तोच खांब उचलून कुणाच्या अंगणात, ओट्याला, नाही तर गावच्या पाराला लावला की त्याचे कोरीवकाम उरते, पण त्याचा पत्ता जातो.

पवनीचा सर्वांत नावाजलेला खांब मुचलिंद नागाचा. रिकामे आसन आहे, वर पाच फणांचा नाग आहे. ज्ञानप्राप्तीनंतर वादळ-पाऊस आला तेव्हा नागराजाने बुद्धावर फणा धरला, त्या कथेचे हे चित्र. बुद्ध मात्र कुठे नाही, कारण त्या काळी त्याची मूर्ती घडवत नसत. आसन दाखवले की झाले. शेजारी ब्राह्मीत नागाचे नाव लिहिले आहे, म्हणजे ओळखायला चूक नको. हा नाग २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आरंभकाळातल्या बौद्ध कलेच्या प्रदर्शनात मांडला होता. तिथल्या लोकांनी भंडारा जिल्ह्याचे नाव वाचले. पवनीच्या शाळेतल्या किती मुलांनी हा नाग निदान चित्रात पाहिला आहे, हा प्रश्न मी शिक्षकांना विचारतो, आणि जरा रागानेच विचारतो.

दात्यांमध्ये बायकाही आहेत. विसमिता नावाच्या एका बाईने दान दिले आणि सगळ्या जीवांना सुख मिळो एवढेच मागणे कोरवून घेतले. स्वतःसाठी काही नाही, नवऱ्या-मुलांसाठी नाही. राजाचा उल्लेख नाही. या कठड्यातला दगड असा नावानावाने, हिश्श्याहिश्श्याने जमला. लोकवर्गणीतून उभी राहिलेली विदर्भातली ही फार जुनी सार्वजनिक इमारत, आणि तिची आजची जबाबदारीही लोकांकडेच येते.

एकेक दगड किती बोलतो याचे उदाहरणही पवनीतच आहे. रूपिअम्म या महाक्षत्रप कुमाराचे नाव आपल्याला मिळते ते इथल्या एका स्मृतिस्तंभावरून. भार राजा भगदत्त, तोही पवनीच्याच शिलालेखातला. ते दगड कुणी पाटा-वरवंट्यासाठी फोडले असते, तर दोन राजपुरुष इतिहासातून गेले असते आणि कुणाला चुकल्यासारखेही वाटले नसते.

असे घडत नाही म्हणता? भारहूतला घडले. १८७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे पोचले तोवर स्तूपाच्या विटा आसपासच्या गावांच्या भिंतींत गेल्या होत्या. मधला स्तूप जवळजवळ संपला होता, कठड्याचा काही भाग उरला होता, तो कोलकात्याच्या संग्रहालयात हलवावा लागला. आज भारहूतला जाऊन भारहूत दिसत नाही. आंध्रातल्या अमरावतीच्या शिल्पपट्ट्यांचा मोठा भाग लंडनला आणि चेन्नईला आहे. आणि लांब कशाला, आपल्या विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातल्या भोनला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी स्तूप शोधून काढला; तो जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आला. बुडीत हा शब्द पवनी तालुक्याला समजावून सांगायला नको. गोसीखुर्द याच तालुक्यात आहे, १९८८ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. घर, शेत आणि देऊळ पाण्याखाली जाणे म्हणजे काय ते इथल्या माणसांनी भोगले आहे. म्हणूनच माझा पहिला भरवसा त्यांच्यावर आहे.

पवनीला धोका धरणाएवढा मोठा नाही. तो किरकोळ आहे आणि रोजचा आहे. कुणाला घराच्या जोत्यात भर घालायला माती हवी असते, टेकडीची माती जवळची. कुणाला बांध सरळ करायचा असतो. पूर्वी हे काम कुदळ-फावड्याने व्हायचे, आठ दिवस लागायचे, वाटेत एखादी मोठी वीट लागली की माणूस थबकायचा. आता जेसीबी येतो आणि दुपारच्या जेवणाआधी काम उरकून जातो. विटेचे म्हणाल तर आजची वीट नऊ इंची. त्या काळची जवळजवळ दीड फूट लांब असायची, दोन्ही हातांनी उचलावी लागेल अशी. ती ओळखायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. पण यंत्राच्या बकेटला ती कळत नाही. शिवाय तटाच्या मातीवर वस्ती चढते, टेकडीच्या उतारावर झाडांची मुळे विटांत शिरतात, पावसाने उघडी पडलेली कड दरवर्षी थोडी खाली येते. यातली एकही गोष्ट बातमी होण्याएवढी मोठी नसते, आणि खरी पंचाईत तीच आहे.

लोकांची एक तक्रार आहे आणि ती रास्त आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. ज्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे त्याला छपराची दुरुस्तीसुद्धा संकट वाटू लागते. मग ‘पुरातत्त्व’ म्हटले की गाव तोंड फिरवते. सापडलेला दगड कळवण्यापेक्षा पुरून टाकलेला बरा असे वाटू लागते. या भीतीला उत्तर हवे असेल तर नुसता कायदा वाचून दाखवून भागणार नाही. प्रत्येक टेकडीची हद्द कुठून कुठपर्यंत, कुठल्या गटाला कोणता निर्बंध, दुरुस्तीची परवानगी कुणाकडे आणि किती दिवसांत, हे मराठीत, नकाशासह, नगरपरिषदेच्या भिंतीवर लागले पाहिजे. सातबाऱ्यावर नोंद झाली पाहिजे, म्हणजे जमीन घेणाराही फसणार नाही. आणि ज्याच्या बांधीत खोदकाम व्हायला हवे असेल, त्याला त्या हंगामाच्या धानाचे पैसे आधी मिळाले पाहिजेत, नंतर नव्हेत. इतिहासाचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसायचा?

दुसरी एक कुजबुज मला माहीत आहे. स्तूपावर देऊळ आहे, तेव्हा हा विषय काढला की भांडण होईल. होऊ नये, आणि होण्याचे कारणही नाही. देवळाने टेकडी सपाट होऊ दिली नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे? गावाने ज्या जागेला पाया पडायचे सोडले नाही, ती जागा टिकली. देऊळ हलवा असे मी म्हणत नाही, कुणीही म्हणू नये. पण देवळाच्या भोवती फरशी, सभामंडप, भक्तनिवास, पेव्हर ब्लॉक अशी जी कामे ‘विकास’ म्हणून सुचतात, त्यांना हात आवरा. टेकडीवर खोल पाया घालणारे कुठलेही काम देवाच्या नावाने होवो की बुद्धाच्या, नुकसान तेवढेच.

पवनीजवळ रुयाडला महासमाधीभूमीचा नवा स्तूप आहे, जपानमधल्या बौद्धांच्या मदतीने उभा राहिलेला. फेब्रुवारीत तिथल्या धम्म महोत्सवाला लोक लांबून येतात. त्यांना माझे सांगणे आहे : रुयाडहून निघालात की परतीची गाडी धरण्याआधी पवनीत उतरा. जगन्नाथ टेकडीला एक फेरी घाला. नवा स्तूप पाहून जुना न पाहता जाणे म्हणजे अर्धीच यात्रा. आणि तिथे फलक नसेल, वाट नसेल, तर परत जाऊन त्याविषयी लिहा. महोत्सवाच्या आयोजकांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत पवनीच्या टेकड्यांचा एक तास ठेवला, तर नुसत्या वर्दळीने प्रशासनाला जाग येईल. दरवर्षी माणसे येतात हे दिसले की रस्ता आपोआप होतो, हे आपल्याकडचे जुने गणित आहे.

नागपूर विद्यापीठाकडे एक मागणी. १९७२ चा तो अहवाल तुमचा आहे, इंग्रजीत आहे, अभ्यासकांच्या कपाटात आहे. त्याचे सोपे मराठी पुस्तक करा, शंभर पानांचे, चित्रांसह, पवनी तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत पोचेल असे. मुचलिंद खांबाची आणि लेख असलेल्या दगडांची प्रतिकृती करून टेकडीच्या पायथ्याशी उभी करा. मूळ दगड संग्रहालयांत सुरक्षित आहेत ते असू द्या. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक हंगाम इथे पाठवा. खोदायला नको, मोजायला. गावात कुठे कुठे जुने खांब, सूची, विटा, कोरीव दगड आहेत, ते कुणाच्या ओट्याला लागलेत, त्यांच्या खाचा कशा आहेत याची घरोघर जाऊन नोंद करायची. दगड काढून घ्यायला आलेलो नाही, फक्त लिहून घ्यायला आलो आहोत, हे आधी सांगायचे. माझा अनुभव असा की एवढे सांगितले की लोक चहा करून दगड दाखवतात, आणि शेजाऱ्याच्या घरचाही सांगतात.

पुरातत्त्व विभागाकडे मागणी एवढीच की पुढची मोजणी टेकडीपाशी थांबवू नका. आज जमिनीत न खोदता भिंतींचा माग काढणारी यंत्रे आहेत. त्यांनी टेकड्यांच्या पायथ्याची शेते तपासा. खोल्यांची रांग, चौक, नाला, विहीर, काहीही असेल तर ते नांगराच्या आणि पायाच्या आधी सापडू द्या. मग खुशाल पन्नास वर्षे खोदू नका. कुठे काय आहे ते कळले, तर बाकीची जमीन लोकांना निर्धास्त वापरता येईल, हाही त्यातला फायदा आहे.

पवनीकर मंडळी, शेवटचे काम तुमचे. येत्या ग्रामसभेत आणि नगरपरिषदेच्या सभेत हा विषय लेखी मांडा : टेकड्यांची आणि तटाची माती कुणी उचलणार नाही, त्या भागात यंत्र लावण्याआधी तहसीलदारांना कळवले जाईल. ट्रॅक्टर-जेसीबी चालवणाऱ्या पोरांना ही टेकडी कसली आहे ते एकदा नेऊन दाखवा. ती गावचीच आहेत. आणि बांधी करताना नांगराला दीड फुटी वीट लागली, खाचा असलेला दगड लागला, तर काम तिथे थांबवा, तो जागचा हलवू नका, फोटो काढा आणि तहसील कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या.